पटावरचा वेढा

काव्य, नाटक, कादंबरी आणि चरित्र यांची चिकित्सा ज्या पत्रांत नेहमीं होते, त्यांत एका खेळाचें परीक्षण आलेलें पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु नाटकाच्या प्रयोगासहि आपण 'खेळ'च म्हणतों. ज्या कृतींत पात्रें आहेत, प्रसंग आहे, संघर्ष आहे व शेवट आहे, आणि जी संपल्यावर भूतकाळाचें एक चित्र मनावर ठेवून जाते, ती छापील पानावर नाहीं एवढ्याच कारणानें टीकेच्या कक्षेबाहेर पडत नाहीं. अंगठ्याच्या पेराएवढ्या शिपायांच्या फौजा मेजावर मांडून, पट्टीनें अंतरें मोजून व फांसे टाकून जुन्या लढाया खेळण्याचा छंद युरोप-अमेरिकेंत चांगला रुजला आहे. आपल्याकडेहि थोड्या मंडळींना त्याची गोडी लागली आहे. त्या छंदांतील मध्ययुगीन वेढ्याचा खेळ आम्हीं नागपुरांत कांहीं स्नेह्यांसह खेळून पाहिला. त्याच्या गुणदोषांचा विचार येथें करावयाचा आहे. आपण आपले पराभव कसे आठवतों, या प्रश्नापर्यंत हा विचार पोंचतो असें आमचें मत झाल्यामुळेंच तो वाचकांपुढें मांडीत आहों.

या खेळाची वंशावळ सांगतांना आपल्या बुद्धिबळापासूनच आरंभ करावा लागतो. हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशा चार अंगांचें चतुरंग इराण व अरबस्तान यांच्या वाटेनें युरोपांत गेलें, आणि अठराव्या शतकांत जर्मन लोकांनीं त्याला पुनः सैन्याकडे वळविलें. हेलविग यानें इ. स. १७८० मध्यें पटाचीं घरें पुष्कळ वाढवून त्यांवर निरनिराळ्या प्रकारची जमीन दाखविली. प्रशियांतील राइसविट्झ पितापुत्रांपैकीं पित्यानें १८१२ मध्यें राजासाठीं डोंगर-नद्यांच्या ठोकळ्यांचें मेज तयार केलें, व पुत्रानें १८२४ मध्यें नकाशावर खेळावयाचे नियम सेनाधिकाऱ्यांच्या हातीं दिले. या नियमांतील महत्त्वाची व्यक्ति म्हणजे पंच. ज्या पक्षाला जेवढें दिसणें शक्य असेल तेवढेंच पंचानें त्याला सांगावें, असा तेथें दंडक होता. पुढें १९१३ मध्यें एच्. जी. वेल्स या कादंबरीकारानें 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहून हा खेळ छावणींतून घरच्या फरशीवर आणला. १९७१ सालीं अमेरिकेंत मध्ययुगीन लढायांचे 'चेनमेल' या नांवाचे नियम प्रसिद्ध झाले, व त्यांतूनच १९७४ मध्यें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा जगप्रसिद्ध कथाखेळ निघाला.

ही वंशावळ सांगण्याचें प्रयोजन एवढेंच कीं, तीवरून या खेळाचें मर्म व त्याचें व्यंग हीं दोन्ही एकदम दिसतात. बुद्धिबळांत दोन्ही खेळाडूंस सर्व कांहीं दिसतें. राजाला किल्लेकोटांत बसविलें तरी त्याच्या कोठारांत किती दिवसांचें धान्य आहे, हा प्रश्न तेथें उद्भवत नाहीं. राइसविट्झनें पंच आणला तो हें सर्वज्ञत्व मोडण्यासाठीं. आजच्या घरगुती खेळांत पंच बहुधा नसतो. दोन्ही फौजा उजेडांत मांडलेल्या असतात. आणि दोनशें वर्षांपूर्वीं मोडलेलें सर्वज्ञत्व पुनः पटावर येऊन बसतें.

वेढ्याच्या खेळाचें नेहमींचें स्वरूप असें असतें. सहा फूट लांब व चार फूट रुंद मेज. त्याच्या एका अंगास तट, दोन बुरूज व एक दरवाजा. बाहेर शिड्या, दरवाजा फोडण्याचा ओंडका व दगड फेंकण्याचें यंत्र. दोघांनीं आळीपाळीनें डाव खेळावयाचा. ठरलेल्या डावांत तट हातीं आला तर बाहेरच्याची सरशी, न आला तर आंतल्याची. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हा थाट फार रमणीय वाटतो. ढालींवरील चिन्हें, चिलखतांच्या कड्या, घोड्यांच्या झुली हें सारें कोणी तरी बारीक कुंचल्यानें रात्री जागून रंगविलेलें असतें. नवख्या गड्याला तासाभरांत नियम समजतात. शिडीवरचा पहिला शिपाई कोसळल्यावर दुसरा चढतो कीं कचरतो, हें ठरविण्यासाठीं फांसा टाकतांना प्रौढ माणसाचाहि हात क्षणभर थबकतो. हा गुण लहान नव्हे. पुष्कळ ऐतिहासिक नाटकांना तो साधलेला नाहीं.

तथापि या खेळांत दिसतो तो हल्ला. वेढा त्यांत दिसत नाहीं. वेढा म्हणजे मुख्यतः वाट पाहणें. बाहेरचा आंतल्याच्या धान्याची, पाण्याची व धैर्याची अखेर केव्हां होते याची वाट पाहतो. आंतला पावसाची, रोगराईची किंवा दुरून येणाऱ्या मदतीची वाट पाहतो. पॅरिस शहराला नॉर्स दर्यावर्द्यांनीं इ. स. ८८५ च्या नोव्हेंबरांत जो वेढा दिला, त्याचें उदाहरण घ्यावें. अब्बो नांवाच्या एका भिक्षूनें तो डोळ्यांनीं पाहून त्यावर लॅटिन काव्य रचिलें आहे. पुलावरील बुरुजासाठीं झालेलें पहिलें रण थोड्या दिवसांत आटोपलें, पण वेढा पुढील वर्षाच्या शरदापर्यंत रेंगाळला. शहराचा धर्माधिकारी गोझलिन याला लढाईंत मरण आलें नाहीं. तो रोगानें गेला. शेवटीं बादशहा चार्ल्स मोठी फौज घेऊन आला, आणि त्यानें लढाई न करतां शत्रूला सातशें रत्तल चांदी कबूल करून नदीनें वर बर्गंडीकडे जाऊं दिलें. खेळाच्या मेजावर यांतील पहिले चार दिवस येतात. रोग, कंटाळा, चांदी आणि बादशहाचा तो लाजिरवाणा तह यांना तेथें जागा नसते. जें जलद घडतें तेंच रंगतें, हें खरें. पण मग त्याला वेढा हें नांव देऊं नये.

हा आक्षेप नुसता मांडण्यापेक्षां त्याचा उपाय करून पाहावा, या हेतूनें आम्हीं आपल्याच इतिहासांतील एक वेढा पटावर घेतला. देवगिरीचा इ. स. १२९६ चा वेढा वऱ्हाड-नागपूरच्या वाचकाला जवळचा आहे. कारण कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून गेला तो एलिचपुरावरूनच. आपण चुलत्यावर रुसून राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीस जात आहों, अशी हूल त्यानें वाटेंत उठविली होती, असें फिरिश्ता सांगतो. राजा रामदेवराव गाफील होता. मुलगा शंकरदेव फौजेसह दूर होता. लासूरजवळच्या अडवणुकीचा उपयोग झाला नाहीं, आणि राजाला सहाशें फूट उंचीच्या त्या कातळावर आश्रय घ्यावा लागला. कोंकणांतून आलेले व्यापारी पोतीं टाकून पळाले होते. धान्य समजून तीं घाईघाईनें किल्ल्यावर चढविण्यांत आलीं. मागून दिल्लीची वीस हजार फौज येत आहे, ही दुसरी हूल अल्लाउद्दीनानें उठविली, आणि राजानें खंडणी कबूल केली. इतक्यांत शंकरदेव येऊन पोंचला व बापाचा निरोप न मानतां शत्रूवर पडला. अल्लाउद्दीनाच्या फौजेचे पाय उखडण्याच्या बेतांत असतां, वेढ्यावर ठेवलेला मलिक नुसरत हजार स्वारांसह आज्ञेवांचूनच जागा सोडून धांवला. त्या स्वारांचा धुरळा पाहून, हीच ती वीस हजारांची फौज, असें यादवांच्या सैन्याला वाटलें आणि तें फुटलें. पुनः वेढा पडला. तेव्हां पोतीं उघडलीं, तों त्यांत मीठ! मग पहिल्याहून कितीतरी जड अटींवर तह झाला, व त्यांत एलिचपूर प्रांताचा वसूल गेला.

फिरिश्त्यानें हें सर्व विजापुरास बसून सुमारें तीनशें वर्षांनंतर लिहिलें आहे. मिठाची गोष्ट अक्षरशः खरी असेल, किंवा हरलेल्या पक्षाची विटंबना करणारी मागाहूनची रचना असेल; इतिहाससंशोधकांनीं त्याचा निवाडा करावा. आमच्यापुढें प्रश्न निराळा होता. ही हकीकत खेळावयाची कशी?

पहिल्याच खेपेस अडचण उभी राहिली. रामदेवरावाच्या जागीं बसलेल्या आमच्या स्नेह्याला मिठाची कथा शाळेपासून पाठ होती. त्यानें पहिल्याच डावांत सर्व पोतीं उघडून पाहण्याचा हुकूम सोडला, आणि खेळ तेथेंच मोडला. हकीकतीशीं पूर्ण इमान राखल्यामुळें खेळ खोटा झाला. कारण राजाला जें ठाऊक नव्हतें तें त्या खेळाडूला ठाऊक होतें. दुसऱ्या खेपेस आम्हीं पंच नेमला. त्यानें फांसा टाकून पोत्यांत मीठ आहे कीं धान्य, हें मनाशीं ठरविलें. दिल्लीची फौज खरोखर येत आहे कीं ती नुसती हूल आहे, हेंहि त्यानें तसेंच ठरविलें. आणि पोतीं उघडून मोजण्यांत एक डाव व कांहीं माणसें खर्ची पडतील असा नियम घातला. या खेपेस राजा खरा राजा झाला. तटावर माणसें कमी, पोतीं मोजावीं तर दरवाजा उघडा पडतो, न मोजावीं तर पोटांत भीति. धुरळा उठला तर तो मुलाचा कीं शत्रूचा, हें कळण्यास मार्ग नाहीं. आमच्या स्नेह्यानें कपाळाला हात लावून पाव तास विचार केला आणि शेवटीं तह मागितला. त्या डावांत पोत्यांत धान्य होतें.

येथें या खेळाविषयींचा आमचा मुख्य निष्कर्ष येतो. पटावर घटनेशीं इमान व परिस्थितीशीं इमान या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि बहुतेक वेळां एकीसाठीं दुसरी सोडावी लागते. ज्याला १२९६ चें पुस्तकी चित्र हवें असेल त्यानें मीठच घालावें. पण ज्याला रामदेवरावाच्या मनाची अवस्था समजून घ्यावयाची आहे, त्याला पोत्यांत कधीं कधीं धान्य ठेवावेंच लागेल. बाजारांतील पुष्कळ नियमपुस्तकें ढालींच्या रंगांबद्दल जेवढी दक्षता घेतात, तेवढी या अज्ञानाबद्दल घेत नाहींत. ऐतिहासिकपणा म्हणजे पोशाखाचा अचूकपणा, ही आपल्या जुन्या नाटककंपन्यांची समजूत त्यांच्याहि ठिकाणीं दिसते.

दुसरें व्यंग आज्ञापालनाचें आहे. मेजावरील शिपाई मरतो, पळतो, पण हुकूम सहसा मोडीत नाहीं. खेळाडूचें बोट जेथें नेईल तेथें तुकडी जाते. देवगिरीच्या हकीकतींत मात्र दोन अवज्ञा आहेत: शंकरदेवानें बापाचें ऐकलें नाहीं व तो हरला, नुसरतनें धन्याचा हुकूम मोडला व धन्याला जिंकून दिलें. नागपूरकरांना याचें दुसरें उदाहरण घराजवळच सांपडेल. १८१७ च्या नोव्हेंबरांत २६ व २७ तारखेस सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर भोसल्यांची फौज व कंपनीची तुकडी यांची जी झुंज झाली, तींत दुसऱ्या दिवशीं सकाळीं अरबांनीं धाकटी टेकडी घेतली होती. त्या वेळीं कॅप्टन फिट्झेराल्डनें घोडदळानिशीं जो हल्ला केला तो वरिष्ठाच्या इच्छेविरुद्ध व स्वतःच्या जबाबदारीवर केला. पुढें टेकडीवर दारूचा स्फोट होऊन गोंधळ माजला व कंपनीच्या लोकांनीं ती परत घेतली. नागपूरचें राज्य कोणाच्या हातीं राहावें, हें ठरविणाऱ्या घटनांत एक अवज्ञा व एक अपघात यांचा एवढा वांटा आहे. अपघातासाठीं फांसा आहेच. अवज्ञेसाठींहि तो असावा. कांहीं नव्या नियमांत सरदारांना स्वभाव दिलेले असतात, व हट्टी सरदार हुकूम पाळील कीं नाहीं हें फांशावर सोडलेलें असतें. ही सुधारणा आम्हांस फार मोलाची वाटते. तिच्यामुळें मेजावर प्यादीं जाऊन माणसें येतात.

तिसरें व्यंग शेवटाविषयींचें. खेळाला जिंकणारा व हरणारा लागतो. वेढे मात्र बहुधा सौद्यानें संपतात. १८१७ च्या डिसेंबरांत आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरहि अरब शिबंदी नागपूर शहर धरून बसली. २४ तारखेला जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे महालांतील आजच्या गांधी दरवाज्यावर, इंग्रजांनीं केलेला हल्ला फसला. पुढें वाटाघाटी होऊन अरब आपल्या कुटुंबकबिल्यासह व सामानासुमानासह शहर सोडून गेले. यांत जिंकलें कोण? हल्ला परतविणारे शहर सोडून गेले, आणि हल्ल्यांत हरलेले शहरांत शिरले. पैकीं-पैकीं गुण मोजणाऱ्या खेळाला हें गणित सोडवितां येत नाहीं. आमच्या मतें तहाची बोलणीं हा वेढ्याच्या खेळाचा उपचार नसून गाभाच असला पाहिजे. दोन खेळाडूंनीं मेज सोडून शेजारच्या खोलींत जावें, कांहीं खरें कांहीं खोटें बोलावें, आणि प्रत्येकानें आपणांस परवडेल असा शेवट पदरांत पाडावा. ज्या रात्रीं आम्हीं असें केलें, त्या रात्रीं एकहि शिडी लागली नाहीं, आणि तरी तीन तास कोणाला घड्याळाकडे पाहण्याची आठवण झाली नाहीं.

आतां सर्वांत गंभीर आक्षेप. तटाच्या आंत शिपायांखेरीज जीं माणसें असतात त्यांचें काय? पाणी वाहणारे, दळणाऱ्या बायका, आजारी, म्हातारे, पोरें हीं वेढ्याचा मुख्य भार वाहतात. पटावर मात्र तीं क्वचितच दिसतात, आणि दिसलीं तर शोभेसाठीं. इसामी या चौदाव्या शतकांतील कवीनें लासूरच्या लढाईंत शौर्यानें लढणाऱ्या दोन स्त्रियांचा उल्लेख केला आहे. शत्रूपक्षाच्या कवीला ज्या दिसल्या, त्या आमच्या खेळणीविक्यांना दिसूं नयेत, याला काय म्हणावें? यावर कोणी म्हणेल कीं, भुकेलेल्या पोरांना मेजावर मांडून फांसे टाकणें हेंच निर्दयपणाचें आहे. हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाहीं. वेल्सला तो जाणवला होता; आपल्या पुस्तकाच्या अखेरीस त्यानें खऱ्या युद्धाच्या मूर्खपणाची तुलना आपल्या निरुपद्रवी युद्धाशीं केली, आणि पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. खेळानें युद्ध थांबत नाहीं, हें त्यावरून दिसतें. परंतु दुःख वगळल्यानें खेळ सभ्य होतो, हेंहि खरें नाहीं. ज्या वेढ्यांत भूक नाहीं, तो वेढा पाहून मनुष्य युद्धाविषयीं अधिक उतावीळ होईल. धान्य संपत आलें असतां कोणाचा शिधा तोडावा, हा निर्णय खेळाडूच्या हातीं द्यावा आणि तो त्याला जड जावा. निर्दयपणा टाळण्याचा हाच मार्ग आम्हांस दिसतो.

आपल्याकडे किल्ल्याचा खेळ नाहीं असें कोणी समजूं नये. दिवाळींत महाराष्ट्रांतल्या अंगणांतून मुलें माती, दगड व गोणपाट यांचे किल्ले रचतात. उतारावर मोहरी किंवा हळीव पेरून हिरवळ करतात. माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज व पायऱ्यांवर मातीचे मावळे उभे करतात. गुहेंत एखादा वाघ असतो, आणि पायथ्याशीं काळवेळ न पाहतां आलेला एखादा शिट्टीवाला पोलीसहि असतो. नागपुरांत तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मुलें मिरवितात, त्याच जातीचा हा आनंद आहे. त्याचें मोल आम्ही कमी करूं इच्छीत नाहीं. पण या किल्ल्याला शत्रु कधीं येत नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. त्याची पूजा होते, परीक्षा होत नाहीं. मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या हातीं ऐतिहासिक कादंबरी येते, आणि तेथें शेवट आधींच ठरलेला असतो; हरिभाऊ आपट्यांच्या प्रसिद्ध कादंबरीचें नांवच 'गड आला पण सिंह गेला' असें आहे. विजय असेल तर वीराचें तेज, आणि पराभव असेल तर फितुरी, अशी दोन उत्तरें आपल्या मनांत कायमचीं बसतात. रायगड १६८९ मध्यें कां पडला, असें विचारतांच सूर्याजी पिसाळाचें नांव घेऊन परंपरा मोकळी होते. देवगिरीच्या बाबतींतहि राजाचा भोळेपणा व मिठाचीं पोतीं यांपुढें आपला विचार सहसा जात नाहीं. हें स्मरण सोयीचें आहे. त्यांत कोणाला कांहीं कळून घ्यावें लागत नाहीं.

पटावरच्या वेढ्याचें खरें कार्य येथें आहे. तो हरलेल्या माणसाच्या खुर्चीवर आपल्याला बसवितो, आणि त्याच्याजवळ जेवढें ज्ञान होतें तेवढेंच आपल्याला देतो. ज्या राजाच्या राजवटींत, वेढ्यापूर्वीं सहाच वर्षें, शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तो मूर्ख होता असें मानून आपण सातशें वर्षें समाधान करून घेतलें आहे. पाव तास त्याच्या जागीं बसून, धान्यानें भरलेल्या कोठारावर बसलेला असतांहि तह मागणारा आमचा सुशिक्षित स्नेही पाहिल्यावर आम्हांस तें समाधान टिकवितां आलें नाहीं.

म्हणून आमचा अभिप्राय असा: आज बाजारांत मिळणारा वेढ्याचा खेळ दिसावयास सुंदर, खेळावयास चुरशीचा, पण वेढा या नात्यानें अपुरा आहे. पंच, अज्ञान, अवज्ञा, भूक आणि तह या पांच गोष्टी त्यांत आणल्या तर तो इतिहासाच्या अभ्यासाचें एक उत्तम साधन होईल. त्यासाठीं परदेशी मूर्तींवर मोठा खर्च करण्याचीहि गरज नाहीं. दिवाळी संपल्यावर जे मातीचे मावळे माळ्यावर जातात, तेवढे पुरेत. त्यांच्यासमोर तितकाच समर्थ शत्रु उभा करावा, आणि पोत्यांत काय आहे हें कोणालाहि आधीं सांगूं नये.